सुतकात मारलेला झाडू

“तुझ्या झाडूनं माझं पोरगं नेलं!” सासू ओरडत होती आणि सिल्के चुलीपाशी उभी राहून पुन्हा तेच सांगत होती, “आई, नीलोची होडी वादळात उलटली. मी फक्त शेंगांची टरफलं झाडून काढली होती.”

“ऐका! होडी म्हणे आपोआप उलटते.”

आमच्या बेटावर प्रेत घरात असेपर्यंत केर काढत नाहीत. काढला तर त्याच घरातलं आणखी एक माणूस जातं. सासऱ्यांच्या प्रेताला सोबत करायला आलेल्यांनी पत्ते खेळताना टरफलांचा खच पाडला होता. या जर्मन सुनेला ते बघवलं नाही, तिनं केर काढला. महिन्याभरात तिचा धाकटा दीर नीलो बुडाला.

मी सिल्केची शेजारीण. अकरा वर्षांत तिनं मासे खारवले, जाळी विणली, ती आमच्याच भाषेत भांडायला शिकली. आता तिच्या हातचा भात कोणी खात नव्हतं. लेक लिगायासुद्धा ताट सरकवून म्हणाली होती, “तू काकाला मारलंस.”

सिल्के नवऱ्याकडे वळली. “रोदेल, तुला तरी पटतं का हे?”

रोदेल खाली बघून जाळं सोडवत राहिला. मग म्हणाला, “झाडू घ्यायच्या आधी विचारायचं होतंस.”

सिल्केनं चुलीवरचं भाताचं पातेलं उतरवलं, हात पुसले.

“उद्याच्या बोटीनं मी जाते. लिगाया तुमच्यातली आहे, ती इथेच राहील.”