बदकांच्या फोटोतला अण्णा

तार आली तेव्हा मी देवासच्या घरी मेथी निवडत बसले होते. यजमानांनी ती वाचून माझ्या हातात दिली. मी वाचली, उरलेली मेथी निवडली आणि टोपली आत नेऊन ठेवली. थोरला भाऊ गेल्याचं कळल्यावर कुणी असं वागतं का, मला ठाऊक नाही. इंदूरला बस बदलून धारला पोचलो तोवर सगळं उरकलं होतं. माणसं स्मशानातून परत येऊन ओसरीवर बसली होती. थांबणार तरी किती वेळ… अण्णाचं शेवटचं दर्शन मला झालं नाही. त्याला आता महिना होऊन गेला. मला अजून रडू आलेलं नाही, आणि त्याहून वाईट म्हणजे अण्णाचा चेहरा आठवायला गेले की आठवत नाही. नाक आठवतं, चष्म्याची दोऱ्यानं बांधलेली काडी आठवते, पण सगळं मिळून अण्णा होत नाही.

दिवस झाल्यावर वहिनींनी मला माजघरात बोलावलं. "वन्सं, ह्यांचा एक फोटो शोधून द्या. मोठा करून भिंतीला लावीन म्हणते." मी म्हटलं, त्यात काय अवघड आहे, घर फोटो काढणाऱ्याचंच! ट्रंक उघडली आणि बदकं निघायला लागली. उडणारी बदकं, पाठमोरी बदकं, हललेली बदकं, बदकं नुकतीच उडून गेलेलं नुसतं पाणी… माणूस म्हणून एकही नाही.

आमचे वडील दरबारच्या शिकारखान्यात होते. थंडीत पाहुणे आले की मुंज तलावावर बदकांची शिकार व्हायची आणि तिची सगळी उस्तवार वडिलांकडे असायची. अण्णा त्यांच्याबरोबर जायचा, पण बंदूक काही त्याला रुचली नाही. पुढे तो शाळेत ड्रॉइंग शिकवू लागला. मग संस्थान विलीन झालं. आमच्या लोकांत घरोघरी हळहळ चालली होती, आणि अण्णा म्हणत होता, "चला, आता बदकं तरी निवांत बसतील." त्यानं कुठूनसा एक जुना पेटी कॅमेरा मिळवला आणि थंडीतली प्रत्येक सकाळ तलावावर घालवू लागला. पण बदकं कसली बसताहेत! हा काठाला दिसला रे दिसला की सगळा थवा पलीकडच्या अंगाला. त्या पेटी कॅमेऱ्यात लांबची बदकं माशीएवढी यायची. दर हिवाळ्यात हीच गत.

शेवटी त्यानं शिकारखान्यातली एक जुनी युक्ती काढली. पाहुण्यांना जिवंत बदकं दाखवायची असली की तिथली माणसं आधी तलावात रिकामी मडकी सोडून ठेवत. बदकांना त्यांची सवय झाली की एक जण भोकं पाडलेलं मडकं डोक्यावर घालून गळाभर पाण्यातून त्यांच्यात जाई आणि खालून पाय धरी. अण्णाला पाय धरायचे नव्हते. बदकांच्या मागून जाऊन त्यांना सावकाश काठाकडे सरकवत आणायचं, एवढंच. काठावर झुडपाआड कॅमेरा घेऊन कोण बसणार? मी तेव्हा माहेरपणाला गेले होते, माझीच नेमणूक झाली.

मडकी अंगणात आली तेव्हा वहिनी, कधी नव्हे त्या, कडाडल्या. "घरातून मडकं कधी निघतं ते ठाऊक आहे ना? आणि तुम्ही ते डोक्यावर घालणार?"

"अगं, ते खांद्यावर असतं," अण्णा म्हणाला. "हे डोक्यावर."



रिकामी मडकी तलावात सोडली. बदकं त्यांना सरावल्यावर एका सकाळी अण्णा काठावर भोकांचं मडकं घालून उभा असताना वाटेनं एक दूधवाला चालला होता. तो सायकलवरून उतरलाच. "ओ भिया, हंडी में मुंडी डाल के कां जा रिये हो?" मडक्यातून घुमलेला आवाज आला, "चुप रे भिया, बतखें उड़ जाएँगी!" मग अण्णा पाण्यात शिरला. थोड्या वेळानं त्या सगळ्या मडक्यांत त्याचं कोणतं, ते मलाच कळेना. भगव्या डोक्यांची लालसरी बदकं हळूहळू जवळ आली आणि मी कळ दाबली.

फोटो धुऊन आला तेव्हा अण्णा म्हणाला, "बदकं झकास आलीत, कुमू. पण ही मडकी आली ना मध्ये!" त्यानं तो बाजूला टाकला. पुढच्या थंडीत त्याला दम्यानं धरलं आणि पाण्यात उतरणं संपलं.

ट्रंकेत तोच फोटो हाताला लागला. त्याआधी घरातलं बाकी सगळं धुंडाळून झालं होतं. लग्नाच्या फोटोत अण्णाचं तोंड मुंडावळ्यांनी झाकलेलं. शाळेच्या फोटोंत तो नाहीच, कारण ते त्यानंच काढलेले. मी भीतभीतच वहिनींकडे गेले. "वहिनी, हा एकच आहे. ह्यातल्या एका मडक्याखाली अण्णा आहे."

वहिनी फोटो घेऊन खिडकीशी गेल्या.  मग एका मडक्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "हे."

"कशावरून? भोकंसुद्धा दिसत नाहीत."

"बाकीच्यांना बदकं खेटून बसलीत, वन्सं. ह्याच्यापासून सगळी लांब सरकलीत."

फोटो मोठा करून आता माजघरात लावलाय. वहिनी रोज काच पुसतात आणि त्या एका मडक्याला गंध लावतात. येणारेजाणारे चमत्कारिक नजरेनं बघतात, पण विचारत कुणी नाही. परवा मी धारला गेले तेव्हा त्यांनी गंधाची वाटी माझ्यापुढे केली. मी बोट बुडवलं आणि फोटोसमोर उभी राहिले. अण्णाचा चेहरा आठवला नाही. पण मडक्यातून तो माझ्याकडेच बघत होता… कॅमेऱ्यामागे मीच तर होते.