ओयार्स पूपोल्सचं अस्वल

रिगाहून नाट्यशिक्षण घेऊन ओयार्स पूपोल्स तीन वर्षांच्या नेमणुकीवर या नदीकाठच्या गावात आला आणि इथल्या नाटकघराला पस्तीस वर्षं चिकटला. नाटकं बसवायचा तो, आणि एखाद्या नटाचं काम पसंत पडलं नाही की त्याला बाजूला सारून उभा राहायचाही तोच. त्याची बायको बिरुता तिथला कपडेपट सांभाळायची. ‘गावाला दिग्दर्शक मिळाला, मला मात्र डोकेदुखी,’ असं ती शेजारणींना सांगे, आणि ते थट्टेत नसे.

चौऱ्याहत्तर साली एका नाटकात मरणाऱ्या म्हाताऱ्याच्या खाटेवर पांघरूण हवं होतं. ओयार्सने चार पांघरुणं नापसंत केली. पाचवं बिरुताने त्याच्या सांगण्यावरून शिवलं: दोन्हीकडे गडद लाल, मधे पांढरा पट्टा. सोव्हिएत राजवटीत मनाई असलेल्या जुन्या लाटवियन झेंड्याचे हेच रंग. तिच्या ते ध्यानातच आलं नाही. आलं ते थेट तपासणीच्या दिवशी, नाटकाला परवानगी देणाऱ्या सरकारी समितीतली बाई पुढच्या रांगेतून उठली तेव्हा.

“कॉम्रेड पूपोल्स, ते पांघरूण बदला.”

“नाही बदलणार.”

 विंगेतून बिरुताने हातवारे केले. त्याने पाहिलं नाही.

“का बदलणार नाही?”

“त्या उजेडात दुसरा रंग मेलेला दिसतो. हवं तर इथे येऊन बघा.”

त्याचं दिग्दर्शन दोन वर्षांसाठी काढून घेतलं. रविवारी सकाळच्या बालनाट्यात अस्वल व्हायचं, बस्स. गावात मात्र लोक त्याला पाहून टोपी काढू लागले. दूधवाली गुपचूप जास्तीचं लोणी देऊ लागली.

“झेंडा?” तो घरी ओरडला. “कसला झेंडा? मी उजेडाचं बोलत होतो!”

“हळू बोल,” बिरुता म्हणाली. “निदान लोणी संपेपर्यंत तरी शूर राहा.”

अस्वलाचं काम तो उरकून टाकील, घरी चार घास निवांत जेवेल, अशी तिची भाबडी आशा. तो तीनदा रिगाच्या प्राणिसंग्रहालयात जाऊन आला. स्वयंपाकघरात चार पायांवर चालू लागला. मुखवट्याची मान तिने सात वेळा उसवली.

“अस्वल मान वळवत नाही, बिरुता. सगळं अंग वळवतं.”

“मग जंगलात जाऊन राहा ना! तिथे शिवणकाम नाही लागत.”

पहिल्या प्रयोगाला पोरं किंचाळत आयांच्या कुशीत शिरली. व्यवस्थापक कपाळावर हात मारून धावत आला. “अहो, मुलं रडतायत!”

“रडणारच. अस्वल आलंय.”

पुढच्या रविवारी तीच पोरं पुन्हा आली, सोबत आजोबांना घेऊन. वसंत येईपर्यंत तिकीट मिळेनासं झालं.

दोन वर्षांनी रिगाच्या एका मोठ्या नाटकघराने त्याला बोलावलं. गरम पाण्याचा नळ असलेली खोली मिळणार होती. बिरुताने काचसामान वर्तमानपत्रात गुंडाळलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळच्या बसने तो परत हजर.

“त्यांच्या नटांना खुर्चीत बसता येत नाही,” त्याने जाहीर केलं.

 बिरुताने बॅग उचलली आणि ती बहिणीकडे निघून गेली. बारा दिवस तो आला नाही. मग चार पानी पत्र आलं. त्यात ना माफी, ना विचारपूस; सगळं एका कोटाच्या बाहीबद्दल, नवी शिवणारी मुलगी ती कशी बिघडवते आहे त्याबद्दल. बहीण म्हणाली, “फाडून टाक.” बिरुताने ते दोनदा वाचलं. तिसऱ्या पानावर त्याने बाहीचं चित्र काढलं होतं, आणि ते चुकीचं होतं.

“या माणसाला बाही कळत नाही,” ती चिडून म्हणाली आणि सकाळची बस पकडली.

पुढे सोळा वर्षं दोघं असेच भांडले. ब्याण्णवच्या वसंतात तालमीच्या मधल्या सुट्टीत, हातात काळ्या पावाचा तुकडा असतानाच, ओयार्स गेला. नाटक अर्धं बसलं होतं. महिनाभर नट एकमेकांत वाद घालत राहिले: ओयार्सना हे असं हवं होतं, तसं हवं होतं. बिरुता कपडेपटातून ते ऐकत होती. एका दुपारी तिने कात्री खाली ठेवली आणि पायऱ्या चढून ती रंगमंचावर आली.

“काय गोंधळ लावलाय? हो बाजूला,” ती त्यातल्या सर्वांत मोठ्या नटाला म्हणाली. “दारातून ये परत. आणि मला आलेला दिसू दे.”

प्रयोग जूनमध्ये झाला. चांगला झाला, असं गाव म्हणालं. बिरुताला दुसरा अंक जरा लांबल्यासारखा वाटला.