न हलवलेला अंगठा

धनजच्या आमच्या गल्लीत इंग्रजीत अर्ज लिहिणारा मी एकटाच होतो. नववी नापास, पण ती गोष्ट मी कुठल्याच अर्जात लिहिली नाही. तेलाच्या गिरणीत हजेरी मांडत होतो म्हणून हमाल मला बाबू म्हणत, आणि मी ते खरं धरून चालत होतो.

माझा शेजारी त्याच गिरणीत हमाल होता. सरकीच्या पोत्यांची थप्पी ढासळली आणि तो खाली सापडला. पाठीचा कणा दुखावला, दोन्ही पाय लुळे पडले. सत्तरचं दशक निम्मं उलटलं होतं आणि कामगार विम्याचे नियम नुकतेच बदलले होते. आधी काही आठवडे पैसे मिळत, मग ज्याचं त्यानं पाहावं. आता जिल्ह्याच्या गावी विम्याच्या दवाखान्यात दर पंधरवड्याला व्यायामाला बोलावत, एसटीचं भाडंही देत. चार महिन्यांत त्याच्या उजव्या पायाचा अंगठा हलू लागला. त्याची बायको, आमच्या वहिनी, येणाऱ्या-जाणाऱ्याला चादर सारून तो दाखवायच्या.

मग मेडिकल बोर्डाचं बोलावणं आलं. अपंगत्व किती ते पाहून पेन्शन ठरणार होती.

"वहिनी, तिथं आंगठ्याचं नाव काढू नका," मी म्हणालो. "हा सुधरून राह्यला असं दिसलं तर पेन्शन कापतीन."

"पण भाऊजी, डॉक्टरले नाही दाखवाचा तर मंग कोणाले दाखवाचा?"

"तुमाले सरकार माहीत नाही."

मला तरी कुठं माहीत होतं? मुकादमापुढं लंगडून दोनदा रजा मिळवली होती, तेवढाच माझा अनुभव.

आठवडाभर अंगणात तालीम घेतली. गळ्यात दुपट्टा अडकवून मी डॉक्टर झालो, दाभणानं त्याच्या तळव्याला टोचू लागलो. त्याला आता टोचलेलं थोडं जाणवत होतं; तो हसायचा आणि अंगठा हलायचा.

"बाबू, तू डॉक्टर कमी अन् बैलाचा दलाल जास्त दिसून राह्यला."

"हासू नको. मेल्यावानी पड."

शेवटी तो छान मेल्यासारखा पडायला शिकला. मला फार अभिमान वाटला.

बोर्डाचे डॉक्टर बिचारे सज्जन निघाले. "अंगठा हलवून बघा. थोडासा तरी?" त्यांनी दोनदा विचारलं. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली, नाही. चादरीखाली त्याची मूठ आवळलेली होती. वहिनींनी बोलायला तोंड उघडलं तसा मी जोरात खोकलो.

पत्र आलं, पूर्ण पेन्शन मंजूर. मी पहिला परिच्छेद गल्लीत उभा राहून वाचला, पेढे वाटले. दुसऱ्यात इंग्रजी शब्द अवघड होते, म्हणून कागदाची घडी घातली.

पुढच्या पंधरवड्याला व्यायामवाल्यानं आम्हाला दारातूनच परत पाठवलं. "सुधारणेची शक्यता नाही, असा बोर्डाचा शेरा आहे. नवा नियम आहे, सुधारणाऱ्यालाच व्यायाम. तुम्हाला पत्रात कळवलंय की."

तो दुसरा परिच्छेद होता.

मी पुन्हा अर्ज लिहायला बसलो. पण अंगठा हलतो असं लिहिलं, तर आधी खोटं वागलो हे आलं, पेन्शन जाणार. त्याची दोन पोरं त्याच पैशावर शाळेत जात होती. "राहू दे, बाबू," तो म्हणाला. चिडून म्हणाला असता तर बरं झालं असतं.

अंगणात बांबू बांधून आम्ही आमच्या मनानं त्याला उभं करून पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या कमरेत इतक्या कळा आल्या, की वहिनींनी स्वतःच बांबू सोडून सरपणात टाकले. तो पुढं कधी उभा राहिला नाही. व्यायाम मिळाला असता तर राहिला असता का, ते मला माहीत नाही. माहीत नाही, हेच टोचत राहतं.

मी गेलो की तो चादर बाजूला सारायचा. रागानं नाही, गमतीनंच.

"बाबू," तो विचारायचा, "आता हालवू का?"