राहीबाईचा गार पाय

राहीबाईचा डावा पाय हिवाळ्यापासून गार पडला होता. अंगठा काळवंडला तेव्हा मुलगा योगेश पुण्याहून रजा काढून काष्टीला आला आणि तिला नगरच्या दवाखान्यात घेऊन गेला.

"मावशी, तंबाखू खाता?" डॉक्टरांनी विचारलं.

"छ्या! आमच्या घरात कुनी तोंडात धरली न्हाई."

पायाच्या रक्तवाहिन्या बुजल्या होत्या. नडगीच्या हाडाला भोकं पाडू, डॉक्टर म्हणाले. आतल्या मगजात बीजासारख्या पेशी असतात, त्या मांसात उतरल्या तर नव्या वाहिन्या फुटतील. खात्री नाही, पण पाय कापण्याआधी बघू.

भोकं पाडली. योगेश कामावर परतला. पाय गारच राहिला.

नंतर पट्टी बदलताना नर्सने तिच्या हाताचं काळं बोट धरलं. "हे काय?"

"मिसरी. दात घासायची."

"अहो, भाजलेली तंबाखूच ती!"

"खात कुटं? थुकते मी."

डॉक्टर रागावले नाहीत, हेच तिला जड गेलं. "नवी वाहिनी फुटेल आणि तंबाखूनं आवळून मरेल. मिसरी ठेवा नाहीतर पाय ठेवा."

शेजारची कडूबाई रोज सकाळी मिसरी घेऊन तिच्या पायरीवर यायची. ऊन अंगणात येईस्तोवर दोघी बोटं फिरवत गावभरच्या गोष्टी करायच्या. त्यानंतर दिवसभर राहीबाईशी बोलायला कोणी नसे.

"घे गं," राहीबाई दवाखान्यातून परतली तशी कडूबाईने तळहात पुढे केला. "चिमटीनं काय पाय तुटतोय व्हय?"

राहीबाईच्या तोंडाला पाणी सुटलं. "नगं. आन् माझ्यासमोर बी लावू नगंस."

"मग बसू कशाला? तुझं थोबाड बघत?" कडूबाई हसली, पण उठली. दुसऱ्या दिवसापासून ती पलीकडच्या घरातल्या रंगुबाईच्या ओट्यावर बसू लागली.

उन्हाळा सरत आला तेव्हा एका सकाळी राहीबाईने पायावर हात ठेवला. घोट्याखाली कोमट लागलं. अंगठ्याच्या जखमेची काळी कड आता जिवंत, लालसर दिसत होती. तिने दुसरा पाय चाचपला, पुन्हा हा चाचपला आणि धडपडत दारात आली.

"कडूबाई! पाय बघ गं माझा! ऊन लागतोय!"

पलीकडून भरल्या तोंडाचा हुंकार आला. मग रंगुबाई काहीतरी बोलली आणि दोघी खिदळल्या. राहीबाई पाय पुढे करून बराच वेळ उभी राहिली. वाऱ्यावर तव्यावरच्या मिसरीचा वास आला, तसं तिने दार लावून घेतलं.