मांडीवरचा ताल

चहा गरम आहे तोवर ही फजिती सांगून टाकतो; निवला की लाज वाटायला लागेल.

आमचे व्याही रावगारू कर्नाटक संगीतातले दर्दी; मला ते तेलुगू रीतीनं 'बावगारू' म्हणतात. मी निवृत्त कारकून. संगीतातला माझा अधिकार एवढाच, की दाढी करताना रेडिओ चालू असतो. पण मुलाच्या लग्नात, श्रीखंडाच्या भरात, मी त्यांना म्हणून गेलो, "गाण्यात आम्ही मुरलेले." आता मुरलेलं लोणचं कुणीतरी चाखणारच की नाही?

गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. जुन्या काळच्या एका थोर रचनाकारावरचा तेलुगू पिक्चर इथं हैदराबादेत दिलसुखनगरला लागलाय, दोघं जाऊ. वर म्हणाले, तुमचा कान पाहतो आणि मग आमच्या संगीत सभेच्या मैफलीला पहिल्या रांगेत नेतो. म्हणजे परीक्षाच!

मैफलीत माझी एक युक्ती असते. शेजाऱ्याकडे बघायचं, तो डोलला की डोलायचं. इथंही तेच ठरवलं.

पिक्चर मात्र झकास. रचनाकार चुलीपुढं बसून पद जुळवतोय, बायकोचा भात करपतोय, दोघांनाही पत्ता नाही. मीही रमलो. एवढ्यात रावगारूंनी मांडीवर थाप मारली. मग तळवा उलटा करून पाहिला.

मी ओळखलं. कर्नाटकवाले ताल असाच धरतात, थाप, मग तळवा उताणा! मीही थाप मारली, तळवा उलटा केला. त्यांनी गुडघ्यावर मारली, मी गुडघ्यावर. त्यांनी दंडावर मारली. दंडावरही ताल धरतात हे मला नवीन होतं. पण विद्वानाला विचारायचं कसं?

शेवटच्या पदाला तर मला स्फुरणच चढलं. दोन्ही हातांनी, दोन्ही मांड्यांवर, दुप्पट लयीत! पुढचे दोघं वळून पाहू लागले. मी नम्रपणे मान लववली.

घरी आलो. सुनेनं, श्रावणीनं, दार उघडताच विचारलं, पिक्चर कसा होता. मी कौतुक ऐकायला खुर्चीत सावरून बसलो.

"पिक्चर एकदम फस्ट," रावगारू म्हणाले. "पर मच्छर भौत थे अम्मा. मैं तो मार मार के थक गया. और बावगारूकू तो मेरे से ज्यादा काटे. आखिर में दोनों हाथों से मार रहे थे बेचारे."

सगळे माझ्याकडे बघत होते. खरं सांगितलं तर दर्दीपण जातं.

"फारच डास होते," मी म्हणालो.

श्रावणीनं कळवळून मलम आणलं. मांड्या लाल झालेल्या होत्याच. मला एकही डास चावलेला नसताना मी ते दोन्हीकडे निमूट चोळलं.

निघताना रावगारूंनी पाठीवर हात ठेवला. "फिकर नक्को. सभा का हॉल एसी है. एक मच्छर नहीं मिलेगा."

पहिल्या रांगेचं तिकीट आलंय. आता सांगा, डासच नसतील तर मी थाप मारायची कुणाकडे बघून?