लटारूभाऊचं मचान आणि पोचूचा बैल

चंद्रपूरजवळच्या मूल गावच्या बाजारात लटारूभाऊचा पत्ता विचारायला आडनाव लागत नाही. ‘मचानवाला’ म्हटलं की राइस मिलमधला हमालसुद्धा पोतं न उतरवता मान वळवून रस्ता दाखवतो. धान लोंबीवर आलं की जंगलाला लागून असलेल्या बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या खाचरांमध्ये, चितळं आणि रानडुकरं पंगतीला बसल्यासारखी उतरतात, आणि मग आजूबाजूच्या दहा-बारा गावांना एकदम लटारूभाऊची आठवण येते. एरवी वर्षभर त्याला कोणी चहाही विचारत नाही, अशी त्याची तक्रार आहे. ती खोटी आहे. चहा सगळे विचारतात. तो प्यायला बसला की दोन तास उठत नाही, म्हणून जरा लांबून विचारतात, एवढंच.

त्याचा आजा शिकाऱ्यांसाठी मचानं बांधायचा. त्या काळी वारा जंगलाकडून मचानाकडे येईल अशी जागा धरायचे, म्हणजे माणसाचा वास हरणाला लागत नसे. शिकार बंद होऊन जमाना झाला. लटारूभाऊने आजाची विद्या तशीच ठेवली, फक्त उलटी फिरवली. राखणीच्या मचानावरून वारा जंगलाकडे गेला पाहिजे, म्हणजे चितळ वासानेच परत फिरतं. रात्री पिकाची जागली करणाऱ्या पोरांना तो हे फार गंभीर चेहऱ्याने समजावतो. “चितळाले तुहा वास गेलाच पाह्यजे. आठ दिवस आंघोळ नाई केली, ते वाया जाऊ देतं काय?”

झाडाच्या बाबतीत मात्र तो थट्टा करत नाही. मोहाच्या झाडावर मचान नाही, कारण फुलांच्या दिवसांत तिथे अस्वल येतं आणि ते चढताना परवानगी विचारत नाही. बिब्याच्या झाडावर नाही, कारण अंगावर फोड उठतात. सावरीवर तर मुळीच नाही. सावर दिसायला देखणी, फांद्या कशा आडव्या, चाकाच्या आऱ्यांसारख्या, पण आतून भुसभुशीत. ऐन किंवा धावडा पाहायचा, त्याच्या खोडावर कुऱ्हाडीचा तुंबा, म्हणजे मागची बोथट बाजू, वाजवून कान लावायचा. बांबू पिकलेला, सावलीत वाळवलेला हवा. बांधायला पळसाच्या मुळ्या ठेचून काढलेला वाक, म्हणजे चिवट तंतूंचा दोर. तो भिजवून बांधायचा, म्हणजे वाळता वाळता आवळत जातो. दरवर्षी जुनं सगळं सोडायचं आणि नव्याने बांधायचं. चढणाऱ्याने कमरेला दोर बांधायचा आणि तो मचानाला नाही, झाडाला बांधायचा. हे सगळं सांगून झालं की शेवटी छाती पुढे काढून तो म्हणायचा, “लटारूच्या मचानावरून माणूस उतरते, पडत नाई.”

हे वाक्य तालुक्यात इतकं फिरलं होतं की शाळेतली पोरंही म्हणत. ते खोटं आहे हे फक्त दोघांना ठाऊक होतं. एक स्वतः लटारूभाऊ आणि दुसरी त्याची बायको रंभा.

मागच्या दिवाळीच्या सुमारास लटारूभाऊ पडला होता. स्वतःच्या शेतात, स्वतःच्या मचानावरून. वाक काढायचा कंटाळा आला होता, बाजारात निळा नायलॉनचा दोर दिसला, बांबूही ओलाच हाती लागला. आपल्याच शेतात कोण पाहायला येतं, असं म्हणून त्याने उरकून टाकलं. पंधरा दिवसांत बांबू वाळून बारीक झाला, नायलॉन होता तसाच राहिला, आणि वेढे सैल पडले. वर विसरलेली खर्र्याची, म्हणजे तंबाखू-सुपारीची, पुडी आणायला लटारूभाऊ भर दुपारी चढला, कमरेला दोर न बांधता, आणि खर्र्यासकट खाली आला. हात मोडला. रंभा बांधावर गवत कापत होती, तिने सगळं पाहिलं.

गावाने विचारलं, काय झालं? आता मचानवाला मचानावरून पडला हे सांगायचं कसं? समोर शेजारच्या पोचूचा बैल चरत होता. अंगावर पांढरे चट्टे, म्हणून त्याचं नाव बांड्या. लटारूभाऊच्या तोंडून निघून गेलं, “बांड्यानं ढुशी मारली.”

तेव्हापासून लटारूभाऊच्या घरात रंभाचं राज्य सुरू झालं. विहिरीवरून पाणी आणायचं असो, सरपण फोडायचं असो, ती काही मागत नसे. फक्त चुलीपाशी बसून हळूच म्हणायची, “अजी, सांगू का?” की लटारूभाऊ पाण्याचा गुंड उचलून चालू लागायचा. वर्षभरात त्याने इतकं पाणी भरलं की मोडका हात धड हातापेक्षा मजबूत झाला.

बांड्याचं मात्र वाईट झालं. मारका बैल म्हणून त्याचं नाव पडलं. बाया त्याला पाहून पदर सावरत बाजूला व्हायच्या. पोळ्याला तर गावाने ठरवलं की हा बैल तोरणाखाली नको, गर्दीत कोणाला लागायचं. पोचूने शिंगं रंगवली होती, पाठीवर नवी झूल टाकली होती. तो सजवलेला बैल घेऊन गोठ्याच्या दारात उभा राहिला आणि लांबून पोळा फुटताना पाहत राहिला. लटारूभाऊने त्या दिवशी पुरणपोळी एकच खाल्ली. रंभाला कारण माहीत होतं.

यंदा गोष्ट सोनीबाईच्या मचानावर आली.

सोनीबाईचं शेत सगळ्यांत शेवटी, जंगलाच्या तोंडाशी. नवरा गेल्यापासून ती एकटीच शेत पाहते आणि जागलीलाही स्वतःच बसते. मुलगा निकेश चंद्रपूरजवळ ऊर्जानगरच्या वीज केंद्रात ठेकेदाराकडे कामाला, चाळीस-पन्नास फुटांवर चढून पाइप जोडतो. हुशार पोरगा. मोबाइलवर बाहेरदेशच्या शिकाऱ्यांचे व्हिडिओ पाहून त्याने सुट्टीत आईसाठी मचान बांधलं. बघा तर काय थाट! वर टिनाचं छप्पर, मोबाइल चार्ज करायला सोलरची पाटी, आणि बसायला चक्क लाल प्लास्टिकची खुर्ची. आता पंधरा दिवसांनी लोंबी भरली, तेव्हा निकेश पुन्हा आला, नारळ आणला आणि चार माणसांना बोलावलं. त्यात लटारूभाऊ, रंभा आणि पोचू होते.

लटारूभाऊने वर पाहिलं आणि त्याच्या तोंडातला खर्रा तोंडातच राहिला. झाड सावरीचं. काटे कुऱ्हाडीने तासलेले. फांदीत वीतभर लांबीचे खिळे ठोकलेले. बांबू ओला तोडलेला, आता पिवळा पडून आक्रसलेला. आणि त्यावर निळा नायलॉन. अगदी तोच निळा.

सोनीबाईने लुगडं खोचलं आणि शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

थांबा म्हणून लटारूभाऊ पुढे झाला. मग त्याने सगळं सांगितलं, सावरीचं, खिळ्यांच्या भोकातून पाणी शिरून लाकूड कुजतं त्याचं, ओल्या बांबूचं. निकेश हसून ऐकत राहिला. त्याला वाटलं, म्हाताऱ्याचं एक काम गेलं म्हणून पोटात दुखतंय. तसं तो तोंडाने म्हणाला नाही, पण चेहऱ्यावर छापलेलं होतं.

“लटारूभाऊ,” तो म्हणाला, “तुमच्या मचानावरून आजवर कोणी पडलं?”

“नाई.”

“दुसऱ्या कोणाच्या?”

लटारूभाऊला आठवेना.

“मंग? कोणीच पडत नाई. तुमी उगाच भेव दाखवून राह्यले. माह्या आईवरच काऊन पडायची पाळी येईन?”

वीस वर्षं जे वाक्य छाती काढून मिरवलं, तेच पोराने उचलून त्याच्या समोर धरलं होतं. कोणी पडतच नसेल तर भिण्यासारखं काय आहे? सोनीबाई दुसरी पायरी चढली. शिडी करकरली.

लटारूभाऊने रंभाकडे पाहिलं. रंभाने नजर बांधाकडे वळवली. आज ती ‘सांगू का’ म्हणाली नाही. पोचू दात कोरत उभा होता.

“पडलं,” लटारूभाऊ म्हणाला. “मीच पडलो. मागच्या साली. असाच ओला बांबू होता अन् असाच दोर.”

सोनीबाई शिडीवर थांबली. पोचूची काडी तोंडात थांबली.

“अन् बांड्या?” पोचूने विचारलं.

“बांड्या चरून राह्यला होता. त्याची शेपटीपण नाई लागली मले.”

मग सोनीबाई दोन पायऱ्या उतरून जमिनीवर आली आणि मुलाला म्हणाली, “दोर टाक वर. ओढून पाह्य.” निकेश कुरकुरला, नवं मचान ओढून पाडायचं का म्हणाला. सोनीबाईने नुसतं पाहिलं. त्याने आडव्या बांबूवरून दोर टाकला, एक टोक स्वतः धरलं, दुसरं पोचूच्या हातात दिलं.

पहिल्या हिसक्याला काही झालं नाही. निकेश हसला. दुसऱ्या हिसक्याला निळ्या दोराचे वेढे बांबूवरून बांगड्यांसारखे सरकले, बांबू तिरपा झाला, आणि लाल खुर्ची घरंगळत येऊन निकेशच्या पुढ्यात चारही पाय वर करून पडली. तिचा एक पाय तुटला होता.

“तिथी कामावर चढतं तवा कमरेले पट्टा बांधतं का नाई?” लटारूभाऊने हळूच विचारलं.

“बांधतो. नाई तं गेटच्या आत घेत नाई.”

“मंग आईसाठी खुर्ची आणली, पट्टा काऊन नाई आणला?”

निकेशने खुर्ची उचलून बांधावर ठेवली. संध्याकाळच्या आत तो चंद्रपूरहून नवा पट्टा विकत घेऊन आला.

इकडे पोचूचा हिशेब वेगळाच होता. तो ना चिडला ना ओरडला. एवढंच म्हणाला की मला काही सांगू नका, ज्याचं नाव खराब केलं त्याला सांगा. दुसऱ्या दिवशी सकाळी लटारूभाऊ गुळाचा खडा आणि हिरव्या गवताची पेंढी घेऊन पोचूच्या गोठ्यात गेला. रंभा मागे होती, सोनीबाई होती, आणि काही काम नसलेलं अर्धं गाव होतं.

“चुकलो गा,” लटारूभाऊ बैलाच्या कानापाशी पुटपुटला.

“मोठ्यानं सांगा,” पोचू म्हणाला. “त्याले त्या कानानं कमी ऐकू येते.”

लटारूभाऊने दुसऱ्या कानाकडे जाऊन मोठ्याने सांगितलं. बांड्याने गूळ खाल्ला, हातही चाटून घेतला, आणि मग पेंढी ओढताना लटारूभाऊला खांद्याने असं ढकललं की तो गव्हाणीत बसला. पोचूचं म्हणणं, ती ढुशी नव्हती. लटारूभाऊने यंदा काहीच म्हणणं मांडलं नाही.

सोनीबाईचं नवं मचान चार दिवसांनी उभं राहिलं. झाड ऐनाचं, लटारूभाऊने तीन झाडं वाजवून निवडलेलं. वाळलेले बांबू त्याच्याच घरचे होते, ते बांड्याच्या गाडीतून आले, आणि पोचूने मुद्दाम पोळ्याची झूल बैलावर टाकली होती. निकेशने दोन दिवस पळसाच्या मुळ्या ठेचल्या. त्याच्या तळहाताला फोड आले, ते तो सगळ्यांना दाखवत फिरत होता. सोलरची पाटी तेवढी लटारूभाऊने मंजूर केली. टिन नको म्हणाला. पावसात वाजतं, डुक्कर आलेलं कळत नाही.

बांधणाऱ्याने पहिल्यांदा चढायचं ही रीत. लटारूभाऊ शिडीपाशी गेला. रंभाने त्याला थांबवलं, पट्टा स्वतः बांधला, कडी दोनदा ओढून पाहिली, आणि पट्ट्याच्या दोराचं दुसरं टोक झाडाच्या फांदीवर टाकून खाली धरून उभी राहिली. तो वर गेला, मचानावर तीनदा पाय आपटले, चारी कोपऱ्यांत बसून पाहिलं. काही करकरलं नाही.

वरून त्याला बांध्या दिसत होत्या, त्यापलीकडे जंगल, आणि खाली झूल पांघरलेला बांड्या सोनीबाईच्या हातचं काहीतरी खात होता. लटारूभाऊचे पाय सुखाने लोंबत होते. आता घरी त्याला कोणी धमकावू शकत नव्हतं. वर्षभरात पहिल्यांदाच तो मोकळा होता.

“अजी,” खालून रंभाने हाक मारली, “उतरा आता. पाणी भरायचं हाये.”

“नाई भरत. सांग आता कोणाले सांगाचं ते.”

रंभाने हातातला दोर झाडाच्या खोडाला दोन वेढे देऊन घट्ट बांधला आणि कंबरेवर हात ठेवून वर पाहिलं. “नाई सांगत,” ती म्हणाली. “पण दोर मीच बांधला हाये. शिडीपण घेऊन चालली मी.”

तिने खरंच शिडी उचलली. पोचू मदतीला धावला. लटारूभाऊने थोडा वेळ वाट पाहिली, मग वरूनच गुंड कुठे ठेवला आहे ते विचारलं.