कोऱ्या टिकलीभोवतीचं खळं

भूतबित मी मानत नाय. आजही नाय. चौथी शिकलोय, चुकलं तर सांभाळून घ्या... पण हे डोळ्यानं बघितलं म्हणून लिहितो.

मी पेणला रामवाडीत राहतो. मुलगी रेश्मा रोह्याला कॉलेजात औषधांवर पीएचडी करते. तिनं सांगितलं ते असं — कार्बनचं कडं करायचं, त्यात एक मणी नायट्रोजनचा बसवायचा, आणि होईल ती पूड जंतू मारते का बघायचं. बशीत जंतू वाढवून, कागदाच्या टिकलीला औषध लावून त्यात ठेवायची. औषध चाललं तर टिकलीभोवती स्वच्छ गोल पडतो. एक टिकली कोरी ठेवतात. तिच्याभोवती काय पडता कामा नये.

टिकल्या माझी बायको सुमन पाडायची. पायाची जखम चिघळलेली, कुठलंच औषध लागत नव्हतं. तरी खाटेवर पंचिंग मशीन घेऊन बसायची, खट्... खट्...

"पड गो जरा," मी म्हणायचो.

"मग तुम्ही पाडा. तुमच्या वाकड्या टिकल्या बघून जंतू हसून मरतील."

ती गेली. त्यानंतर तिनं पाडून ठेवलेल्या टिकल्यांनी रेश्माच्या सगळ्या बशांत गोल पडायला लागले. कोरीभोवतीसुद्धा. तिनं मला बोलावून घेतलं.

गाडीत कासू स्टेशनापासूनच डोळा लागलेला. रोह्याला उतरलो तरी झोपेतच चालल्यासारखा. लॅबमध्ये दुपारचं पिवळं ऊन. रेश्मानं बशी खिडकीशी धरली. सगळं दुधासारखं गढूळ, आणि कोऱ्या टिकलीभोवती स्वच्छ... चंद्राला खळं पडतं ना, तसं. किती वेळ बघत होतो कोण जाणे. कुणी बोलावं असं वाटत नव्हतं.

"विकतच्या टिकल्या लावल्या की कुठंच गोल नाय," रेश्मा म्हणाली. "माझं औषध चालतच नाय, बाबा. चालतंय ते आईचं."

"हळदीचा हात असेल तिचा."

"हळद लावून बघितली. त्याच कागदाच्या, त्याच मशीननं मी स्वतः पाडल्या. काय नाय."

सुमनच्या टिकल्या आता डबीत मूठभर उरल्यात. त्यात काय हाय ते सापडलं तर पीएचडी वाचेल, असं तिचे सर म्हणतात.

"पण विरघळवाव्या लागतील. सगळ्या," रेश्मा म्हणाली.

"तिला एकदा राख करून खाडीत सोडलीय," मी म्हटलं. "परत विरघळवायची नाय."

"आणि माझी इतकी वर्षं?"

ती डबीकडे बघत राहिली. मग झाकण घट्ट दाबून डबी माझ्या हातात दिली.

"ओल लागू देऊ नका," एवढंच म्हणाली.

तिनं काम परत पहिल्यापासून सुरू केलंय. माझ्याशी तुटक बोलते, बोलू दे. डबी माझ्या उशाशी हाय. ते गोल कशानं पडले, मला ठाऊक नाय. उत्तर मिळत होतं कदाचित... मी घेतलं नाय.